जुन्या बुलेटच्या नव्याने बांधलेल्या इंजिनाचे टायमिंग कसे लावावे

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ. कास्ट आयर्न इंजिनाच्या, पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा स्विच) आणि कॉइल असलेल्या 350 सीसी बुलेटमध्ये पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या 0.8 मिलिमीटर आधी ठिणगी पडावी लागते. हे माप ॲडव्हान्स (वेगानुसार ठिणगी आधी आणणारी यंत्रणा) पूर्ण मागे असतानाचे, म्हणजे किक मारतानाचे आहे. वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरमधील (पॉइंट ज्यात बसतात त्या भागातील) वजने बाहेर सरकतात आणि ठिणगी आपोआप आणखी आधी पडू लागते. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिलिमीटर असल्यामुळे 0.8 मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण नऊ-दहा अंश होतात. वरच्या टोकाजवळ क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, शिवाय प्लगचे भोक तिरपे आहे, म्हणून त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून अंदाजाने लावलेले टायमिंग बरोबर निघाले तर तो केवळ योगायोग समजावा. इंजिन बांधायला काढलेलेच आहे, तर हेड बसवण्यापूर्वीच खूण करून ठेवावी. पुढचे सारे काम या खुणेवर उभे राहते.

त्यासाठी सिलिंडर बसवल्यावर हेडच्या स्टडवर पाइपचे तुकडे घालून नट हलके आवळावेत, म्हणजे क्रँक फिरवताना सिलिंडर वर उचलला जाणार नाही. डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे ऑइल काढून झाकण उतरवावे. डायल गेजचा टोक पिस्टनच्या माथ्यावर, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) बरोबर वरच्या रेषेत टेकवावा. कडेला टेकवल्यास पिस्टन किंचित डुलतो आणि माप फसवे येते. गेजचा काटा सर्वांत वर जिथे थबकतो ती जागा डोळ्यांनी नेमकी ठरवता येत नाही. म्हणून काटा चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा पिस्टन टोकापासून 1 मिलिमीटर खाली असेल तेव्हा, रोटरवर (अल्टरनेटरच्या क्रँकसोबत फिरणाऱ्या भागावर) शेजारच्या स्टेटरवरील (त्याच्या स्थिर भागावरील) एका ठरावीक बिंदूसमोर रेघ मारावी. या दोन रेघांचा मध्य हे खरे टीडीसी, म्हणजे पिस्टनचे सर्वांत वरचे टोक. तिथे गेज शून्यावर आणून क्रँक चांगला मागे न्यावा आणि पुढे फिरवत 0.8 मिलिमीटर शिल्लक असताना थांबावे. स्टेटरवरील त्याच बिंदूसमोर रोटरवर बारीक, न पुसणारी खूण करावी.

हेड आधीच बसवले असेल तर क्रँकच्या टोकावर डिग्री डिस्क लावावी, प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घालून क्रँक हाताने हलकेच दोन्हीकडे टेकेपर्यंत न्यावा, मध्य काढावा आणि त्याच्या नऊ-दहा अंश आधी खूण करावी. ही पद्धतही चालते, पण पहिली अधिक भरवशाची आहे. वॉल्व्ह चालवणाऱ्या टायमिंग गिअरवरील खुणा एकमेकींसमोर आल्या आहेत याची खात्री मात्र साइड कव्हर लावण्यापूर्वीच झालेली असावी.

आता डिस्ट्रिब्यूटरकडे वळावे. त्यातील कॅम (पॉइंट उघडणारा उंचवटा) बोटांनी फिरवून सोडल्यास तो स्प्रिंगच्या जोराने ताबडतोब मागे यायला हवा. तो पुढेच अडकत असेल, तर त्या अवस्थेत 0.8 वर लावलेले इंजिन धावताना कायम उशिरा पेटेल. कॅमच्या दांड्याला आडवा हेलकावा असल्यास बुश बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण प्रत्येक फेरीला गॅप वेगळी येईल. त्यानंतर पॉइंट सर्वांत जास्त उघडे असताना गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटरवर आणावी. हा क्रम उलटा करू नये: गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकते, म्हणजे ठिणगी आधी पडते, म्हणून गॅपला नंतर हात लावला तर आधीचे श्रम वाया जातात.

प्लग काढून गाडी मुख्य स्टँडवर घ्यावी, टॉप गिअर टाकावा आणि मागचे चाक पुढे फिरवावे. प्लगच्या भोकावर ठेवलेला अंगठा हवा ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक आला. याच फेरीत रोटरची खूण जुळवावी आणि ती ओलांडली गेल्यास मागे बऱ्यापैकी नेऊन पुन्हा पुढूनच यावे, नाहीतर गिअरमधील ढिलाई मापात शिरते.

बॅटरीच्याच व्होल्टचा छोटा दिवा घेऊन त्याची एक तार पॉइंटच्या वायरीला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावावी. इग्निशन चालू असताना पॉइंट मिटलेला असेल तर दिवा विझलेला राहतो, उघडताक्षणी तो पेटतो. दिवा नसेल तर गाडीचा ॲमिटर (विजेचा प्रवाह दाखवणारा मीटर) हेच काम करतो: बाकीचे दिवे बंद ठेवल्यास पॉइंट मिटल्यावर काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि उघडताच मध्यावर परततो. बुलेटची ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण रस्त्यातही ती हाताशी असते. पॉइंट मिटलेला असताना इग्निशन मात्र फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

खूण जुळलेली असताना पॉइंटच्या प्लेटचे स्क्रू सैल करून दिवा नेमका पेटेल तिथे प्लेट थांबवावी. प्लेट कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवल्यास टायमिंग पुढे येते, त्याच दिशेने सरकवल्यास मागे जाते. स्क्रू आवळताना प्लेट हमखास थोडी सरकते, म्हणून चाक पुन्हा मागून पुढे आणून दिवा खुणेवरच पेटतो का हे पाहावे, आणि ते दोनदा सारखे आले तरच झाकण लावावे. प्रायमरीचे झाकण बसवल्यावर ऑइल पुन्हा भरण्यास विसरू नये.

किक उलट बसत असेल, किंवा खंबाटकीसारख्या घाटात ओझे घेऊन चढताना इंजिन ठोकत असेल, तर टायमिंग जास्त पुढे आहे. गाडीला ओढ नसेल, इंजिन लवकर तापत असेल आणि सायलेन्सरचा बेंड निळा पडू लागला असेल, तर कार्ब्युरेटर ठीक असल्याची खात्री करून टायमिंग मागे गेले आहे का ते तपासावे. नव्या पॉइंटची कॅमवर घासणारी टाच सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरांत लवकर झिजते, त्यामुळे गॅप कमी होऊन ठिणगी उशिरा पडू लागते; कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ थर दिल्यास ही झीज मंदावते. तरी एवढे अंतर झाल्यावर आधी गॅप आणि मग टायमिंग, याच क्रमाने पुन्हा तपासावे.