टॅपेट मारण्याआधी रॉकर कुठे टेकतो ते बघा

अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन उघडलं, सीट कटिंग (व्हॉल्व्ह जिथे बसतो ती कड नव्याने कापणं) झालं, हेड फेसिंगहून (खालचा पृष्ठभाग सपाट करून) आलं. आता फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट मारले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप लावला, की झालं, असं वाटतं. पण गॅप बरोबर असूनही रॉकर (शाफ्टवर झुलून व्हॉल्व्ह दाबणारा हात) व्हॉल्व्हच्या टोकावर भलत्याच जागी घासत असू शकतो. मग व्हॉल्व्हला बाजूने रेटा बसतो आणि नवे गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) लवकर ढिले होतात.

आधी एक गैरसमज. हेड खालून फेस केल्याने रॉकर शाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या टोकाचं आपसातलं अंतर बदलत नाही, दोन्ही एकत्रच खाली येतात. फक्त पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) तेवढा लांब पडतो. खरा फरक सीट कटिंगने पडतो. व्हॉल्व्ह आत बसतो, टोक वर येतं. त्यामुळे शाफ्टचे पाय (त्याला धरणारे ठोकळे) जिथे बसतात त्या तळापासून आठही टोकांची उंची व्हर्नियरने मोजा. एखादं टोक फारच वर असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

आता जुनंच गॅसकेट घालून हेड कसा. या इंजिनात शाफ्टच्या पायांचे चार मोठे नट हेडचेही असतात. म्हणजे शाफ्ट काढला की हेडही ढिलं पडतं. नवं गॅसकेट या चाचणीत वाया घालवू नका. नट थोडेथोडे, आळीपाळीने फिरवा, नाहीतर शाफ्ट वाकतो.

प्लग काढा. एक नंबरच्या व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करची शाई लावा, टॅपेट ठरलेल्या गॅपवर ठेवा आणि पुलीच्या नटवर पाना लावून क्रँक सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. फिरवताना नजर टोकावर ठेवा. रॉकर टोकावर आधी शाफ्टपासून थोडा दूर सरकला आणि व्हॉल्व्ह निम्मा उघडल्यावर परत मागे आला, तर शाफ्टची उंची बरोबर. शेवटपर्यंत दूरच जात राहिला तर शाफ्ट खाली आहे. सुरुवातीपासूनच शाफ्टकडे आला तर शाफ्ट वर आहे. रॉकर काढल्यावर शाई पुसलेला पट्टा दिसेल. तो टोकाच्या मध्याजवळ आणि अरुंद हवा.

शाफ्ट खाली असेल तर सगळ्या पायांखाली सारख्या जाडीचे शिम (पातळ पत्रे) घाला. एका पायातून शाफ्टला तेल येतं. त्याच्या शिमला भोक पाडायचं राहिलं, तर पहिल्याच स्टार्टला रॉकर कोरडे चालतात. मी असा शिम एकदा शेवटच्या क्षणी बाहेर काढलाय, म्हणून आता तो टॉर्चसमोर धरून बघितल्याशिवाय बसवत नाही.

शाफ्ट जितका उचलाल त्याहून जास्त अंतर पुशरॉडच्या बाजूला पडतं. ते भरून काढताना टॅपेटचा स्क्रू खाली फारच बाहेर आला तर लांब पुशरॉड घ्या.

नवं गॅसकेट टाकून हेड शेवटचं कसलं की टॅपेट. इथे नऊचा हिशोब चालतो: एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना आठ नंबरचा मारा, तीन उघडा तर सहा, पाच उघडा तर चार. बेरीज नऊ. गॅपचा आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, आणि तो गरम इंजिनाचा आहे की थंड, तेही तिथेच वाचा. फिलर गेज किंचित ओढ लागून सरकायला हवा. स्क्रू धरून लॉकनट आवळा आणि परत एकदा गेज घाला, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.