स्टार्टर उतरवण्याआधी मीटर लावा

चावी फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं, की लगेच स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उतरवायला घेतात. जरा थांबा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला.

आधी मल्टिमीटरने बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली, तर बॅटरीवरच संशय घ्या. 'टकटकटकटक' असा आवाजही बहुधा तेच सांगतो.

बॅटरी ठणठणीत आहे? मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची गाडीच्या बॉडीशी आणि इंजिनशी असलेली जोडणी, खराब. माझ्या गाडीत अर्थच्या बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा थर निघाला. पॉलिश पेपरने घासला, संपलं काम. नव्या स्टार्टरचं कोटेशन मात्र तोवर हातात पडलं होतं!

सोलेनॉइड म्हणजे स्टार्टरवरचा, मोटरला करंट जोडणारा स्विच. त्याच्या बारीक वायरला सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या जवळपास येतात, तरी मोटर ढिम्म? दोष सोलेनॉइडमध्ये किंवा मोटरच्या आत करंट पोहोचवणाऱ्या कार्बन ब्रशमध्ये. मोटर नुसतीच घूं करून फिरते, इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (स्टार्टरला इंजिनशी जोडणारा भाग). खरखर आली तर पिनियनचे (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) किंवा रिंग गिअरचे (इंजिनचं मोठं दातेरी चाक) दात बघा.