डिटर्जंटचा एक थेंब आणि माझे सात महिने

रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी औषधशोधाच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा फ्लास्क, कॉलम, टीएलसी प्लेट यांवर हात बसलेला होता. एन्झाइम, पेशी, अ‍ॅसे (रेणूचं काम मोजणारी चाचणी) हे मात्र पुस्तकात वाचलेले शब्द. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण असेच एका बाजूनं पक्के आणि दुसऱ्या बाजूनं कच्चे असतात. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांचं नेमकं उलट असतं. माझे सात महिने या कच्च्या बाजूपायी गेले. तुमचे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही एका एन्झाइमला थांबवणारा रेणू शोधत होतो. मी बनवलेल्या पहिल्या काही रेणूंपैकी एकानं २ मायक्रोमोलर इतक्या कमी प्रमाणात एन्झाइमचं काम निम्म्यावर आणलं. सुरुवातीच्याच वर्षात असा हिट, म्हणजे चाचणीत काम करताना दिसलेला रेणू, मिळाल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. मग त्या रेणूची २३ भावंडं बनवली. इथे क्लोरीन लाव, तिथला मिथिल (एका कार्बनचा छोटा तुकडा) काढ, एक रिंग बदलून बघ. आकडे येत होते, पण त्यांचा मेळ बसेना. रेणूचा आकार कितीही बदलला तरी फारसा फरक पडत नव्हता. फक्त जितका रेणू तेलकट, तितका तो जास्त प्रभावी. एन्झाइमच्या खाचेत नेमका बसणारा रेणू असता, तर चुकीच्या जागी एक मिथिल लागताच त्याचं काम बिघडायला हवं होतं. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं, डोळ्यांसमोर होतं. मी त्याचा अर्थ लावला, खाच मोठी असेल.

शेजारच्या गटातल्या एका सीनियरनं एकदा माझे ग्राफ पाहिले आणि विचारलं, "बफरमध्ये डिटर्जंट किती घालतेस?" बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं, प्रयोग ज्यात लावतात ते द्रावण. मी त्यात डिटर्जंट घालतच नव्हते. तिनं ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटची बाटली काढली, बफरमध्ये ते ०.०१ टक्के होईल इतकं घातलं आणि तोच प्रयोग पुन्हा लावायला सांगितला. तासाभरानं स्क्रीनवर वक्राच्या जागी आडवी रेष होती. माझा रेणू एन्झाइमला काहीच करत नव्हता. मग तिनं डिटर्जंट नसलेल्या बफरमध्ये माझा रेणू घातला, व्हायल अंधारात धरली आणि लेझर पॉइंटरचा प्रकाश आरपार सोडला. काचेत लाल रेघ स्पष्ट उमटली. नुसत्या डोळ्यांना द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

रेणू विरघळलेलाच नव्हता. पाण्यात न रमणारे असे रेणू ठराविक प्रमाणापुढे एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात. प्रकाश त्यांच्यावर विखुरला, म्हणून ती लाल रेघ दिसली. एन्झाइम त्या गोळ्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि निकामी होतं. डिटर्जंटनं गोळे फुटतात आणि एन्झाइम सुटतं. ब्रायन शॉइकेट यांच्या गटानं २००२-०३ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली होती. म्हणजे मी प्रयोग लावायच्या कितीतरी आधीपासून हे छापील होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी फक्त संश्लेषणाचे पेपर वाचत होते.

म्हणून पहिलं सांगणं: हिट मिळाला की पुढचं भावंड बनवायच्या आधी त्याच रेणूला खोटं पाडायचा प्रयत्न करा. डिटर्जंट घालून पाहा. तोच रेणू पुन्हा, शक्यतो दुसऱ्या मार्गानं बनवा. कारण कधी कधी काम रेणूचं नसतं, त्याच्यासोबत आलेल्या अशुद्धीचं असतं. नमुन्यात उरलेल्या जस्तामुळे खोटे हिट येतात हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आणि एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची रचना तपासायच्या नेहमीच्या पद्धतीत, जस्त दिसत नाही. धातू पकडणारं ईडीटीए घालून परिणाम नाहीसा झाला, तर संशय घ्या. अर्थात तुमच्या एन्झाइमलाच धातू लागत असेल तर ही चाचणी तुम्हालाच फसवेल, तेव्हा आधी तेवढं विचारून घ्या.

काही रेणू तर कुठल्याही चाचणीत 'चालतात'. २०१० मध्ये बेल आणि हॉलोवे यांनी अशा उपद्रवी रचनांची यादीच दिली, तिला पेन्स म्हणतात. आपल्या रेणूत त्यातला तुकडा आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा. हळदीतल्या करक्युमिनचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यावर हजारो पेपर आहेत. २०१७ मध्ये औषध-रसायनज्ञांच्या एका गटानं त्याचा कसून आढावा घेतला, तेव्हा दिसलं ते असं: रेणू शरीराच्या पीएचला लवकर मोडतो, रक्तात फारसा पोचत नाही, अ‍ॅसेमध्ये नाना प्रकारे ढवळाढवळ करतो, आणि १२० हून अधिक क्लिनिकल चाचण्यांनंतरही डबल-ब्लाइंड (खरं औषध कुणाला, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी नव्हती. मला हे वाचून वाईट वाटलं. त्या प्रत्येक चाचणीत आशेनं आलेली माणसं होती.

खरा रेणू कसा ओळखू येतो, हे पाहायचं तर के-रास या प्रथिनाची गोष्ट वाचा. कर्करोगातलं त्याचं महत्त्व १९८० च्या दशकापासून माहीत होतं, पण औषधाला धरायला त्यावर जागाच सापडत नव्हती. त्याच्या एका बदललेल्या रूपात १२ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल येतं. केवन शोकाट यांच्या गटानं २०१३ मध्ये त्या सिस्टीनला कायमचे जोडले जाणारे रेणू दाखवले आणि स्फटिकरचनेत नवी खाचही दाखवली. साध्या के-रासमध्ये त्या जागी सिस्टीन नाही, म्हणून रेणू त्याला धरत नाहीत. याहून चांगली तुलना कुठली हवी? २०२१ मध्ये त्याच सिस्टीनला धरणाऱ्या सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्या मधल्या आठ वर्षांतलं रसायन वाचायला वेळ काढा.

पेपर वाचताना मी आता सारांशानंतर थेट पुरवणी माहिती उघडते. शुद्धता कशी मोजली, बफरमध्ये काय होतं, प्रयोग किती वेळा केला, हे तिथे असतं. अल्फाफोल्डसारखी साधनं प्रथिनाचा आकार सुरेख सांगतात, ती जरूर शिका. तुमचा रेणू बफरमध्ये विरघळलाय की नाही, ते मात्र व्हायलमध्येच पाहावं लागतं. डीएमएसओतले (रेणू विरघळवून ठेवायच्या द्रावकातले) साठे वारंवार उघडू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. छोट्या व्हायल्समध्ये वाटून ठेवा.

गाईडना वाईट आकडे लपवून भेटू नका. मी ती आडवी रेष दुसऱ्याच दिवशी दाखवली. त्यांनी जुनी मालिका बंद केली आणि नवी सुरू करायला सांगितली.

नव्या मालिकेतला नववा रेणू डिटर्जंट घालूनही टिकला. त्याचा एक मिथिल शेजारच्या कार्बनवर सरकवून मी त्याचं भावंड बनवलं, आणि ते पूर्ण निकामी निघालं. त्या शून्यानं मला पहिल्या हिटपेक्षा जास्त आनंद दिला. आता आमच्या प्रत्येक प्लेटमध्ये चालणाऱ्या रेणूच्या शेजारच्या रांगेत ते निकामी भावंड असतं.