काळ्या मातीतली गाडी आतून साफ करताना

तालुक्याच्या गावी वॉशिंग सेंटरवर नवीन लागलेल्या पोराचा हात आधी पाण्याच्या पाइपाकडे जातो. बाहेरून धुताना ते खपून जातं. आतल्या कामातले बहुतेक घोळ मात्र पाण्यानेच होतात, त्यातही आपली काळी माती. ओली झाली की ती फुगते, चिकटते. ओलं फडकं फिरवलं तर कार्पेटच्या धाग्यांत लेप बसतो. मॅट काढून उन्हात टाका, चिखल पूर्ण वाळू द्या, मग झटका. कार्पेटवर एका हाताने ब्रश आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूम चालू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत सीटमध्ये गुंतलेले तंतू व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, गोळे होऊन निघतात.

सीटवर थेट स्प्रे मारू नका. बादलीत फेस करा, ब्रशवर फक्त फेस घ्या, हातभर जागा घासा, लगेच वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या, मग पुढची जागा. आतला फोम भिजला की पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, आणि गिऱ्हाईक कुबट वासाची तक्रार घेऊन परत येतं. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. फार भिजवलं की गोंद सुटतो आणि कापड लोंबतं. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात नको, पाणी तर नकोच.

डॅशबोर्डला एक भाग क्लीनर, दहा भाग पाणी बहुतेक वेळा पुरतं. तरी डब्यावरचं प्रमाण आधी वाचा. मे महिन्यात उन्हातून आलेल्या गाडीची दारं उघडून ती निदान अर्धा तास सावलीत राहू द्या. तापलेल्या प्लास्टिकवर क्लीनर पडल्या पडल्या सुकतो, डाग सोडतो. बोअरच्या जड पाण्याचेही पांढरे ठिपके उठतात, म्हणून शेवटचा हात आरओच्या पाण्याने. चकाकीचं पॉलिश गिऱ्हाइकाला आवडतं, पण त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. स्टिअरिंग आणि पेडलवर तर ते कुणी मागितलं तरी लावू नये, पाय घसरतो.

खर्ऱ्याचे, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाचे डाग ड्रायव्हरच्या दारात सापडणारच. वाळलेला थर खरवडला तर प्लास्टिकवर चरे पडतात. कोमट साबणपाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, मग दातांच्या जुन्या ब्रशने घासा. चुन्याची पांढरी रेघ उरली तर निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर, त्यावर साधं पाणी.

डिक्कीत फवारणीचं औषध सांडलं असेल तर घाई नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने माणसं दगावली. हे काम तितक्याच गांभीर्याने घ्या. कोणतं औषध ते विचारा, बाटलीचं लेबल बघा. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, सगळी दारं उघडी. व्हॅक्यूम लावू नका, त्याची हवा तेच औषध तुमच्या तोंडावर फेकते. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, तो वेगळ्या पिशवीत बांधा, मग साबणाचं फडकं. ते पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. खालचं फेल्ट, म्हणजे कार्पेटखालचं जाड कापड, भिजलं असेल तर ते बदलायलाच सांगा. वर सुगंध मारून गाडी परत देणं म्हणजे फसवणूक.

काहीच सांडलेलं नसताना डाव्या बाजूचं पुढचं कार्पेट ओलं लागलं, तर आधी एसीचा ड्रेन पाइप बघा. धुळीने तुंबला की पाणी आत उतरतं, आणि तो मोकळा केल्याशिवाय कार्पेट कितीही वाळवा, पुन्हा भिजणार. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काळा पडलेला फिल्टर झटकून परत बसवू नका, नवीन टाका. गिऱ्हाइकाला एवढं सांगून ठेवा: घर जवळ आलं की दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद, पंखा चालू.