घरात मॉडेल रेल्वेचा लेआउट करताय? या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

सगळ्यात पहिली चूक म्हणजे खोली मोजायच्या आधी खरेदी. माझं तसंच झालं, आधी इंजिन आलं, मागोमाग डबे आले, मग रुळांचा सेट आला, आणि मग सुतारकाकांकडून आठ बाय चारचं अख्खं प्लाय टेबलासारखं बसवून घेतलं आणि भिंतीला चिकटवून टाकलं. डोंबिवलीतली दहा बाय अकराची खोली, म्हटलं चला, झालं. पहिला डबा घसरला तो बरोब्बर मागच्या कोपऱ्यात. चार फूट म्हणजे १२२ सेंमी, आणि वाकून नीट काम होईल असा माझा हात पोचतो फार तर ७५ सेंमी. शेवटी कपडे वाळत घालायच्या काठीने डबा पुढे ओढला, त्यात सिग्नल मोडला तो वेगळाच.

म्हणून कागदावर खोली काढताना आधी स्वतःला काढा. दार किती उघडतं, कपाटाचं दार कुठपर्यंत येतं, खुर्ची कुठे सरकणार, तुम्ही कुठे उभे राहणार. उभं राहायला साठ सेंमी तरी मोकळे ठेवा, दोघं जण असाल तर जास्तच. एवढं सगळं काढून जी जागा उरली ती रेल्वेची. बहुतेक खोल्यांमध्ये मधोमध टेबल टाकण्यापेक्षा भिंतीच्या कडेने ४५ ते ६० सेंमी रुंदीची फळी फिरवलेली बरी पडते, वळणंही मोठी मिळतात आणि हात सगळीकडे पोचतो. फक्त दारासमोर उचलता येणारा तुकडा लागतो आणि तिथे एक गोष्ट विसरू नका: तो तुकडा उचलला की दोन्ही बाजूंच्या फूट-दोन फूट रुळांची वीज आपोआप तुटली पाहिजे. माझं एक इंजिन साडेतीन फुटांवरून फरशीवर गेलंय, आवाज अजून कानात आहे.

आता वळणं. इथे सगळे फसतात कारण सेटमध्ये मिळणारी वळणं ३६ ते ४५ सेंमी त्रिज्येची असतात आणि आपल्याला चालवायची असते राजधानी. माझी मॉडेलं एचओ मापाची, एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. राजधानीचा एलएचबी (नव्या पद्धतीचा लांब) डबा खरा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंमी झाला. ढोबळ हिशोब असा की वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट हवी, म्हणजे ८० सेंमीच्या आसपास. दुप्पट असली तरी गाडी कशीबशी जाते, पण डब्याचं पोट आत आणि टोकं बाहेर, शेजारच्या लाईनवरच्या गाडीला घासत जाते. आणि आठ बाय चारच्या प्लायवर अर्धा गोल फिरवायचा तर ५५ सेंमीच्या वर जाताच येत नाही, करा गणित. मग त्यावर छोटे मालडबे आणि शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायचं इंजिन चालवा, छान दिसतं. नाहीतर सरळ माथेरानची गाडी घ्या, नॅरोगेज, डबे आखूड, तिला वळणं घट्टच शोभतात.

एक डावं वळण संपलं की लगेच उजवं, हे तर अजिबात करू नका. मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा टाका, नाहीतर दोन डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि डबे जोडणारा कपलर मधला हलका डबा उचलून बाजूला फेकतो.

चढाचं सांगतो कारण मला घाट करायचाच होता. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर जाडीबिडी धरून साधारण ९ सेंमी उंची गाठावी लागते. बोरघाटाचा चढ ३७ ला १, तिथे खऱ्या गाडीलाही कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन लावतात. त्याच चढाने ९ सेंमी चढायला ३३३ सेंमी लांबी लागते, आणि माझी दहा फुटी भिंत भरते ३०५! म्हणजे वर पोचायलाच भिंत पुरत नाही, उतरायचं तर लांबच. मी काय केलं, चढ जवळपास दुप्पट केला. सहा डब्यांची गाडी अर्ध्यावर चाकं फिरवत उभी. खरा घाट आणि मॉडेलचा घाट यात तुलना कशाला, म्हणणारे म्हणोत, पण इंजिनाचं वजन आणि चाकांची पकड तिथेही आणि इथेही हिशोब मागतेच. वळणावरच्या चढात तर अजून जोर लागतो. दोन टक्क्यांत (मीटरला दोन सेंमी) राहा, नाहीतर पूल सोडा आणि सपाट लेआउट करा, लाज कसली त्यात.

स्टेशनची लूप लाईन, म्हणजे गाडी बाजूला उभी करायची लाईन, गाडीपेक्षा आखूड ठेवणं हीसुद्धा कॉमन चूक. सहा एलएचबी आणि एक इंजिन म्हणजे जवळपास १.९ मीटर, आणि ही लांबी पॉइंटपासून (जिथे एका रुळाला दुसरा फुटतो) नाही मोजायची, दोन गाड्या एकमेकींना घासणार नाहीत तिथपासून मोजायची.

वायरिंगमध्ये एकच सापळा नीट समजून घ्या. प्लॅन कागदावर काढला की एक रूळ लाल पेनाने आणि दुसरा निळ्या पेनाने गिरवत जा. गाडी गोल फिरून त्याच रुळावर उलटी येत असेल तर कुठेतरी लाल निळ्याला भेटतो, आणि तिथे शॉर्ट नक्की. त्या गोलाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून वेगळे करावे लागतात, आणि तो तुटक भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा. बाकी रूळ जोडणाऱ्या जॉइनरवर विसंबू नका, दर मीटर-दीड मीटरला फीडर, म्हणजे रुळाला वीज देणारी वायर, सोल्डर करा. गाडी नेमकी एकाच जागी आचके खात असेल तर नव्वद टक्के वेळा आधी जॉइनर बघा.

डबा घसरतोय तर असं शोधा: सगळे डबे एकाच जागी घसरले तर दोष रुळात, एकच डबा सगळीकडे घसरला तर दोष चाकात. मोबाईल रुळाच्या पातळीवर ठेवून स्लो मोशन काढा, कुठलं चाक पहिल्यांदा उचललं ते दिसतं. जॉइंटवरून नख फिरवा, अडकलं की तिथेच कानस.

आणि आपल्या हवेचं एक. मी ट्रॅक जुलैत घातला, लाकडाचा सांगाडा ओलाव्याने फुगलेला. फेब्रुवारीत लाकूड आकसलं आणि रूळ धनुष्यासारखे वाकले. तेव्हा प्लाय आणि पट्ट्या सगळीकडून, खालूनसुद्धा, रंगवून घ्या आणि पावसाळ्यात रूळ टाकत असाल तर जॉइंटला फट सोडा.

बॅलास्ट, म्हणजे रुळाखालची खडी, सगळ्यात शेवटी. महिनाभर गाड्या पळवून, घसरणं थांबल्यावर. मी खडी चिकटवायला घाईघाईत पातळ फेविकॉल ओतलं आणि ते पॉइंटच्या हलत्या जिभेत गेलं, तेव्हापासून माझ्या यार्डातली तीन नंबरची लाईन बंद आहे आणि तिथे एक गार्डचा डबा कायमचा उभा आहे.