वाइन बाधली की आमवात उसळला? या चुका टाळा

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिककरांकडे पाहुणे येतात आणि गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीत चक्कर होतेच. मला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत रूमेटॉइड आर्थ्रायटिस. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या आग्रहाखातर अर्धा ग्लास रेड वाइन घेतली. पंधरा मिनिटांत कान तापले, नाक चोंदलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बोटं वळेनात. मी सगळं खापर आमवातावर फोडलं.

तिथेच चुकलं. कान तापणं, नाक चोंदणं यामागे हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, असू शकतं. द्राक्षांचा रस आंबताना ते तयार होतं, रेड वाइनमध्ये सहसा जास्त. ते मोडणारं शरीरातलं एन्झाइम अल्कोहोलमुळे मंदावतं. म्हणूनच ताज्या द्राक्षांचा अख्खा घड मला पचतो. पण त्या दिवशी बशीत मुरलेलं चीजही होतं, त्यातही हिस्टामिन असतं! मग बाधलं काय? एका वेळी एकच पदार्थ खाल्ला तरच कळतं.

काही जण सगळा दोष सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या गंधकाच्या संयुगाला, देतात. ते सहसा व्हाइट वाइनमध्ये जास्त असतं, आणि गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यातही. दमा असेल तर दोन्हींपासून जपा.

सगळ्यात महागात पडते ती गोळीची चूक. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच, म्हणून ‘आज गोळीचा वार नाही, चालेल’ असं वाटतं. पण औषध आणि दारू, दोन्हींचा भार यकृतावरच येतो, वार कुठलाही असो. सोबत वेदनाशामक आणि स्टेरॉइड चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. डॉक्टरांना ‘कधीतरी घेते’ असं मोघम सांगू नका. किती ग्लास, महिन्यातून किती वेळा, ते सांगा. मी लाजून लपवलं होतं. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीपीटी वाढलेलं आलं तेव्हा सांगावंच लागलं.

सांध्यांसाठी गहू सोडायचा विचार असेल तर आधी गव्हामुळे आतड्यांना इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यानंतर केली तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

‘प्रतिकारशक्ती वाढव, गुळवेलीचा काढा घे’ असं मायेने सांगणारं माणूस प्रत्येक घरात असतं. पण आपल्या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठलेली असते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण मी काढा बंद केला.

एक वही ठेवा. माझ्या वहीतलं एक पान: ‘रविवार, सकाळी ९, मिसळ, दोन पाव. सोमवारी बोटं आखडली.’ मिसळ सोडणारच होते, तेवढ्यात वरची ओळ दिसली: ‘शनिवार, लग्नाचं जागरण, गोळी राहिली.’

आणि ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली, तर वहीत लिहीत बसू नका. थेट रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.