९७ मूळ की संयुक्त? भागाकार कुठे थांबवायचा
इंदूरला भाचीच्या हिंदी पुस्तकात ‘अभाज्य’, घरी आमची ‘मूळ संख्या’: १ पेक्षा मोठी, १ आणि स्वतःशिवाय कशानेही पूर्ण भाग न जाणारी. भाग गेला तर ती संयुक्त. अडचण एकच: भागून पाहत कुठवर जायचं?

ज्या आकड्याचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिथे थांबायचं. ९७ घ्या. १० × १० = १००, म्हणून १० च्या आतल्या मूळ संख्या २, ३, ५, ७ एवढ्यांनीच भागा; २ ने भाग गेला नाही तर ४, ६, ८ नेही जात नाही, ३ ने नाही तर ९ नेही नाही. एकानेही भाग जात नाही, म्हणजे मूळ. ९१ मात्र फसवी. दिसते मूळ, पण ७ × १३ निघते.

विभाजकांच्या जोड्या हव्या असतील तर १ पासून ओळीने सगळेच आकडे तपासा. ८४ च्या जोड्या: १×८४, २×४२, ३×२८, ४×२१, ६×१४, ७×१२. ९ नंतर थांबा, पुढे ह्याच उलट्या येतात.

आणि १ ही संख्या मूळही नाही, संयुक्तही नाही. मुलं तिला हमखास मूळ संख्यांत घालतात.